अंगण वाकडे असते तेव्हा : दैनंदिन वस्तूंची वापरसुलभता आणि डोनाल्ड नॉर्मन यांच्या विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मराठी समाजाने दोष झटकणाऱ्या माणसासाठी राखून ठेवली आहे. स्वतःची उणीव झाकण्यासाठी माणूस परिस्थितीवर खापर फोडतो, असा तिचा आशय आहे. यंत्रे, उपकरणे आणि संगणकीय सेवा यांच्याबाबतीत मात्र व्यवहारात नेमके उलटे घडताना दिसते. अंगण खरोखरच वाकडे असते आणि तरीही नाचणारा 'मलाच नाचता येत नाही' असे म्हणून मान खाली घालतो. ऑनलाइन अर्ज भरताना अडलेला विद्यार्थी कार्यालयात येऊन 'सर, मला जमत नाही' असे म्हणतो. 'हा अर्ज नीट केलेला नाही' असे तो म्हणत नाही. एटीएमसमोर गोंधळलेली वृद्ध व्यक्ती मागे उभ्या असलेल्या रांगेची क्षमा मागते. दोष कोणाचा, हा प्रश्न विचारलाच जात नाही. कारण त्याचे उत्तर सर्वांनी आधीच गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वस्तू आणि माणूस जेथे परस्परांना भेटतात तो भाग, म्हणजे मूठ, बटण, पडदा, खूण, शब्द, यांस 'इंटरफेस' असे म्हणतात. त्या भेटीत माणसाला आपले काम कमीत कमी चुका, वेळ आणि मनस्ताप यांसह पार पाडता येणे म्हणजे वापरसुलभता होय. या विषयावरील डोनाल्ड नॉर्मन यांच्या प्रसिद्ध ग्रंथातील भूमिका येथे प्रथम मांडली आहे आणि त्यानंतर मतपत्रिका व मतदानयंत्र या नागरी वस्तूंच्या आधारे ती तपासली आहे.

नॉर्मन यांची भूमिका

नॉर्मन यांचा ग्रंथ १९८८ साली 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' हे त्याचे नाव रूढ झाले आणि २०१३ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मानसशास्त्राच्या या अभ्यासकाने दारे, नळ, शेगड्या, दिव्यांची बटणे अशा क्षुल्लक मानल्या गेलेल्या वस्तूंवर गंभीर विवेचन केले. दार ढकलायचे की ओढायचे हे सांगण्यासाठी त्यावर पाटी लावावी लागत असेल, तर चूक दाराच्या रचनेत आहे, हा त्यांचा साधा आणि मूलगामी मुद्दा आहे.

या विवेचनातील काही संकल्पना आपल्या परिसरात सहज पडताळता येतात. पहिली संकल्पना अनुरूपतेची. दोन बर्नरच्या गॅसच्या शेगडीवर डावी कळ डाव्या बर्नरची आणि उजवी उजव्या बर्नरची असते. ती कोणी शिकवावी लागत नाही. याउलट वर्गखोलीतील दहा-बारा बटणांचा फळा आठवावा. बटणे एका ओळीत, तर पंखे आणि दिवे छतभर पसरलेले असतात. दोहोंमधील संबंध दाखवणारी कोणतीही खूण नसते. वर्षानुवर्षे त्याच वर्गात शिकवणारे प्राध्यापकही एक पंखा लावण्यासाठी चार बटणे दाबून पाहतात. येथे बुद्धीची उणीव आहे असे कोणी म्हणणार नाही.

दुसरी संकल्पना प्रतिसादाची. आपण केलेल्या कृतीचे काय झाले, हे वस्तूने सांगितले पाहिजे. भाजीच्या गाडीवर क्यूआर संकेताने पैसे दिल्यावर रक्कम मोठ्याने सांगणारी लहानशी पेटी आज सर्वत्र दिसते. हात मोकळे नसणाऱ्या आणि पडद्यावरील अक्षरे वाचण्यास सवड नसणाऱ्या विक्रेत्याला ती त्याच क्षणी, अनेकदा मराठीतून, खात्री देते. प्रतिसाद चुकीचा असेल तर काय घडते, याचे गंभीर उदाहरण अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचे आहे. २८ मार्च १९७९ रोजी तेथील दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकून राहिली. नियंत्रणकक्षातील दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता. ती बंद करण्याचा विद्युतसंकेत गेला की तो विझत असे. दिवा विझला म्हणून झडप बंद झाली, असे कर्मचाऱ्यांनी मानले आणि अणुभट्टीतील पाणी बाहेर जात राहिले. या अपघाताची कारणे शोधण्याच्या कामात नॉर्मन यांचाही सहभाग होता. 'मानवी चूक' या शब्दप्रयोगाविषयी त्यांना वाटणारा अविश्वास या अनुभवाशी निगडित आहे.

तिसरी संकल्पना बंधनाची. चुकीची कृती करताच येऊ नये अशी योजना वस्तूतच असावी. या तीन संकल्पनांच्या कसोटीवर आता एक अशी वस्तू पाहू, जी कोणी विकत घेत नाही, पण जिच्यापुढे प्रत्येक प्रौढ नागरिक कधी ना कधी उभा राहतो.

फ्लोरिडातील फुलपाखरी मतपत्रिका

७ नोव्हेंबर २००० रोजी झालेल्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात जी मतपत्रिका वापरली गेली, ती 'फुलपाखरी' म्हणून ओळखली जाते. उमेदवारांची नावे डाव्या व उजव्या अशा दोन्ही पानांवर होती आणि छिद्र पाडण्याची जागा मध्यभागी एकाच ओळीत होती. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव दुसरे होते. परंतु दुसरे छिद्र उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे होते. गोर यांना मत देण्यासाठी तिसरे छिद्र पाडणे आवश्यक होते. ही रचना वाईट हेतूने केलेली नव्हती. वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली, त्यामुळे नावे एका पानावर मावेनात आणि ती दोन पानांवर गेली. सद्भावना आणि वापरसुलभता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात येते.

या परगण्यात ब्युकॅनन यांना सुमारे ३,४०० मते मिळाली आणि एकापेक्षा अधिक छिद्रे पाडल्यामुळे एकोणीस हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या. २००१ साली अमेरिकी राज्यशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकातील अभ्यासाने असा निष्कर्ष काढला की, डेमोक्रॅटिक पक्षाच्या दोन हजारांहून अधिक समर्थकांनी चुकून ब्युकॅनन यांना मत दिले. राज्यातील अंतिम फरक ५३७ मतांचा होता आणि त्यावर अध्यक्षपद ठरले. अनुरूपता आणि बंधन या दोन्ही तत्त्वांचा भंग एका कागदावर झाला आणि त्याची किंमत मतदारांनी मोजली. तरीही त्या वेळी 'ज्यांना मतपत्रिका वाचता येत नाही त्यांनी तक्रार करू नये' असा सूर उमटलाच.

भारतीय मतदानप्रक्रियेतील रचनाविचार

भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१ च्या जनगणनेनुसार, साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते. त्यामुळे 'मतदार वाचू शकेल' हे गृहीतक धरताच येत नव्हते. निवडणूक चिन्हे आणि प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी हे त्यावरील उत्तर होते. मतदाराला सुधारण्याऐवजी मतदानाची पद्धत मतदाराला अनुरूप केली गेली. वापरसुलभता हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी तिचे तत्त्व आपल्या प्रजासत्ताकाने अमलात आणले होते, असे म्हणता येईल. पुढे शिक्का मारण्याची पद्धत आली, तेव्हाचा बाणांच्या फुलीचा ठसाही असाच विचारार्ह आहे. मतपत्रिकेची घडी घातल्यावर शाई दुसऱ्या बाजूस लागली, तर तो ठसा उलट्या दिशेचा उमटतो. त्यामुळे मूळ ठसा कोणता हे ओळखता येते.

इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राचा प्रथम वापर १९८२ साली केरळमधील परूर मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर झाला. कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो अवैध ठरवला. १९८८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रे वापरली गेली. यंत्राच्या रचनेत पवई येथील आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचा सहभाग होता. यंत्राच्या सुरक्षिततेविषयीचा वाद हा स्वतंत्र विषय आहे. येथे केवळ वापराचा विचार केला आहे. नाव, चिन्ह आणि निळे बटण एकाच आडव्या ओळीत असल्याने अनुरूपता साधते. बटण दाबताच लाल दिवा लागतो व दीर्घ ध्वनी येतो. हा प्रतिसाद होय. एक मत नोंदले गेल्यावर अधिकाऱ्याने पुन्हा यंत्र खुले करेपर्यंत दुसरे बटण काम करत नाही. हे बंधन होय. पाम बीचमध्ये ज्या कारणाने हजारो मते बाद झाली, ती चूक या यंत्रावर करताच येत नाही. दृष्टिहीन मतदारांसाठी ब्रेल अंक, २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेली व सात सेकंद दिसणारी कागदी पावती आणि २०१५ पासूनचे उमेदवाराचे छायाचित्र या भरींमुळे ही रचना अधिक परिपूर्ण झाली.

चिन्ह आणि शब्द : २०२४ चा अनुभव

तथापि चांगल्या यंत्रामुळे वापरसुलभतेचा प्रश्न संपत नाही, हे महाराष्ट्रातील २०२४ च्या लोकसभा निवडणुकीने दाखवून दिले. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह निवडणुकीच्या काही आठवडे आधी मिळाले. दुसरीकडे अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांच्या यादीत 'ट्रम्पेट' या वाद्याचे मराठी नावही 'तुतारी' असेच दिलेले होते. दिंडोरीत हे चिन्ह असलेल्या अपक्षास एक लाखाहून अधिक मते पडली. तेथे पक्षाचा उमेदवार तरीही विजयी झाला. साताऱ्यात पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पराभूत झाला आणि याच चिन्हावरील अपक्षास ३७,०६२ मते मिळाली.

यांपैकी किती मते गोंधळातून गेली, हे केवळ या आकड्यांवरून सिद्ध होत नाही आणि निकाल अन्यथा लागला असता असे विधान करणेही योग्य ठरणार नाही. परंतु अभ्यासकासाठी महत्त्वाची बाब वेगळी आहे. महाराष्ट्रात 'तुतारी' म्हटले की लग्नात, मिरवणुकीत आणि शिवजयंतीला वाजणारे वक्र वाद्य डोळ्यांसमोर येते. बँडमधील ट्रम्पेट हे सर्वस्वी भिन्न वाद्य होय. प्रचारात मतदाराच्या कानावर पडलेला शब्द एक आणि यादीतील दोन चित्रांशी जोडला गेलेला शब्दही तोच, अशी स्थिती होती. बटण, दिवा, ध्वनी सर्व काही बिनचूक असतानाही भाषांतराच्या एका शब्दाने संदिग्धता निर्माण केली. पक्षाच्या तक्रारीनंतर, त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी, आयोगाने पक्षाचे चिन्ह अधिक ठळक करण्यास मान्यता दिली. दुसरे चिन्ह मात्र गोठवले नाही. म्हणजे उपाय चित्रावर झाला. मुळातील प्रश्न मात्र शब्दाचाही होता.

नॉर्मन यांच्या विचाराची मर्यादा

या अनुभवाच्या प्रकाशात नॉर्मन यांच्या विवेचनाकडे पुन्हा पाहिले असता त्याच्या दोन मर्यादा जाणवतात. पहिली मर्यादा भाषेची. सांस्कृतिक संकेत वापराला दिशा देतात, हे नॉर्मन मान्य करतात; परंतु भाषा त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नाही. त्यांच्या वस्तू बहुतांशी एकाच भाषेच्या घरात वावरतात. आपल्याकडे मात्र रचना एका भाषेत होते आणि वापर दुसऱ्या भाषेत. अर्जाचे भाषांतर हे शेवटच्या दिवशी उरकण्याचे काम मानले जाते. प्रत्यक्षात भाषांतर हा रचनेवर चढवलेला रंग नसून तो रचनेचाच भाग आहे. 'सबमिट' या शब्दासाठी 'सादर करा' लिहावे की 'पाठवा' लिहावे, हा निर्णय बटणाच्या आकाराइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी मर्यादा वापरकर्त्याच्या प्रतिमेची. नॉर्मन यांचा वापरकर्ता प्रामुख्याने ग्राहक आहे. शेगडी पसंत पडली नाही तर तो दुसरी घेऊ शकतो आणि चुकीच्या रचनेला बाजार शिक्षा करील, अशी आशा बाळगता येते. मतपत्रिका, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनसाठी अंगठा घेणारे यंत्र यांना पर्याय नसतो. येथे वापरकर्ता नागरिक असतो आणि रचना फसली तर तो वस्तू बदलत नाही, आपला हक्क गमावतो. नॉर्मन यांनी स्वतः २०२३ सालच्या 'डिझाइन फॉर अ बेटर वर्ल्ड' या ग्रंथात आपला विचार एकेका वापरकर्त्याकडून व्यापक मानवसमाजाकडे नेला आहे, ही बाब येथे नमूद केली पाहिजे. तरीही सक्तीने वापराव्या लागणाऱ्या वस्तूंचा प्रश्न आपल्यासारख्या समाजातील अभ्यासकांनीच हाती घेणे आवश्यक आहे.

समारोप

चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात लोट्याचे, म्हणजे आपल्या तांब्याच्या जातकुळीतील भांड्याचे, मोठे कौतुक केले होते. किती पाणी मावावे, धार कशी पडावी, भरल्यावर हातात तोल कसा राहावा, अशा असंख्य प्रश्नांची उत्तरे त्या भांड्यात सामावलेली आहेत आणि ती कोणा एका रचनाकाराने दिलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने दिली आहेत. आजच्या यंत्रांना आणि संगणकीय सेवांना तेवढा अवधी मिळत नाही. आज तयार झालेला अर्ज उद्या लाखो लोकांपुढे येतो. पिढ्यांनी केलेली परीक्षा मग कोणीतरी जाणीवपूर्वक करावी लागते. ज्यांना तो वापरायचा आहे अशा काही माणसांच्या हाती तो आधी देणे आणि ती कोठे अडखळतात हे मुकाट्याने पाहणे, हाच त्याचा मार्ग आहे.

हे काम केवळ अभियंत्यांचे नाही. शब्द कोणता वापरावा हे भाषेच्या अध्यापकास, चूक का होते हे मानसशास्त्राच्या अध्यापकास आणि हक्क कोठे हिरावला जातो हे राज्यशास्त्राच्या अध्यापकास अधिक नेमके सांगता येईल. आपल्या महाविद्यालयांचे प्रवेशअर्ज, सूचनाफलक आणि संकेतस्थळे ही या अभ्यासाची सर्वांत जवळची प्रयोगशाळा आहे. 'मला जमत नाही' असे म्हणत दारात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याकडे अज्ञानाचा पुरावा म्हणून न पाहता आपल्या रचनेचा परीक्षक म्हणून पाहिले, तर या विषयाचा निम्मा अभ्यास तेथेच सुरू होईल.