चक्रात न बसणारा तिसरा रंग

मागच्या वेळी आपण रंगचक्र मांडून पाहिलं. आज त्याच्यावर थोडी टीका करू, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून.

काही वर्षांपूर्वी लालबागमधल्या एका चाळीच्या गणपतीची सजावट आमच्याकडे होती. मूर्तीचा पितांबर हळदीच्या रंगाचा. चक्रात पिवळ्यासमोर जांभळा, म्हणून मागे सबंध भडक जांभळा पडदा सोडला. कागदावर जोडी झकास दिसत होती. मंडपात दिवे लागले आणि एक आजोबा म्हणाले, "बाप्पाला कावीळ झाली की काय?" पितांबर झळकत होता खरा, पण गुलाबी चेहरा पिवळट पडला होता. आम्ही आधी दोष दिला तो मूर्तिकाराच्या रंगाला!

हे कोडं जुनं आहे. पॅरिसच्या गोबेलाँ विणकामशाळेत काळा रंग नीट उठत नाही अशी तक्रार होती. रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी तपासलं तेव्हा रंगात खोट निघाली नाही. काळ्याशेजारचे निळे-जांभळे धागे त्याचा जोर घालवत होते. एक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो, हे त्यांनी १८३९ च्या पुस्तकात मांडलं. आमच्या जांभळ्यानेही तेच केलं. पितांबर मुळात पिवळा, त्याला ते मानवलं. चेहऱ्याला नाही.

म्हणजे आम्ही दोन रंगांचं लग्न लावलं आणि ज्याच्यासाठी लोक रांगेत उभे राहतात तो तिसरा रंग मोजलाच नाही.

योहान्नेस इटेन यांनी रंगांची मापंही दिली: पिवळा एक भाग तर जांभळा तीन, नारिंगी एक तर निळा दोन, लाल-हिरवा बरोबरीत. पण हे हिशेब पूर्ण तेजाच्या रंगांचे. हिरव्या साडीला लाल काठ असतो, तिथे बरोबरी कुठे आहे? साडी हिरवीच म्हणायची, लाल तिच्या कडेने चालतो, आणि पुष्कळदा मध्ये जरीची रेघ दोघांना जरा लांब ठेवते.

दादरच्या साडीच्या दुकानात बसून बघा. नुसतं "हिरवी दाखवा" म्हणून भागत नाही. पोपटी, शेवाळी, मेंदी, बाटली? चक्राच्या एकाच कप्प्यातले हे चार रंग, पण उजेडाने आणि तेजाने वेगळे. मग विक्रेता पदर खांद्यावर टाकून आरसा पुढे करतो. काठ जुळलाय की नाही हे नंतर, आधी चेहरा. चोखंदळ बाई तेवढ्यानेही ऐकत नाही, साडी दारापर्यंत नेऊन उन्हात बघते.

याउलट परळ-लालबागच्या नाक्यांवरचे वाढदिवसाचे फ्लेक्स. समोरासमोरचे रंग, दोन्ही पूर्ण जोरात, आणि मधोमध ज्याचा वाढदिवस त्याचा हिरवट चेहरा. (आणि पडद्यावरच्या चक्रात पिवळ्यासमोर निळा येतो, जांभळा नाही. ॲपने दिलेली जोडी म्हणूनच डोळे मिटून घेऊ नये.)

आम्ही त्या रात्री पडदा उतरवला. फिकट राखाडी कापड लावलं, जांभळ्याची वीतभर झालर केली. सकाळी आजोबा पुन्हा आले, हात जोडले, आणि सजावटीबद्दल अवाक्षर न काढता प्रसाद घेऊन गेले.