नववीतल्या वाचकासाठी

‘नववीतल्या मुलीला काय वाचायला द्यावं?’ असं कुणी विचारलं, की मी ‘श्यामची आई’ सुचवत असे. १९३५ सालचं हे पुस्तक थोरच. पण ते सुचवताना माझ्या डोळ्यांपुढे मुलगी नसे, तिचे पालक असत. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) सांगायला मात्र मी कचरत असे. तिच्यातला मुकुंद नववीतच आहे, प्रेमात पडलेला आहे आणि बाहेर आणीबाणी आहे. कादंबरी त्याला हसत नाही, उपदेशही करत नाही. त्या वयाचं प्रेम ती गांभीर्याने घेते. माझा संकोच नेमका या गांभीर्यालाच होता. कुमारांसाठीच्या आपल्या बहुतेक शिफारशींत वाचकाच्या आवडीपेक्षा मोठ्यांची भीतीच अधिक दिसते. आता मी ‘शाळा’ आधी सांगतो.