मुंबईत बर्फ पडते तेव्हा

फराळाचे ताट पुढे असताना प्रलयाची गोष्ट काढणारा माणूस अरसिक ठरतो, हे आम्ही जाणतो. तरीही तो दोष पत्करून वाचकांपुढे एक जुनीच कथा ठेवावयाची आहे. डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यास निवर्तले. त्यांचे खगोलशास्त्र विद्वानांच्या स्वाधीन आहे. विज्ञानकथा मात्र तुमच्याआमच्या घरातल्या. १९७४ साली आपली आद्याक्षरे उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला धाडली आणि पहिले बक्षीस पटकावले, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. पण आज बोलायचे आहे ते त्यांच्या 'हिमप्रलय' या कथेविषयी.

कादंबरीला पुरेल एवढा उत्पात या कथेत आहे. एका सकाळी मुंबईत बर्फ पडते. मुले धावत येऊन बापाला उठवतात, बाहेर चल म्हणून त्याच्यामागे लागतात. बाप आहे राजीव शहा हा पत्रकार. आणि हे असे होणार हे वसंत चिटणीस नावाच्या शास्त्रज्ञाने आधीच सांगून ठेवलेले आहे. त्याचे तेव्हा कुणी ऐकलेले नसते. पुढे गारठा वाढत जातो, माणसे विषुववृत्ताच्या दिशेने सरकू लागतात, आणि अखेरीस 'इंद्र' या नावाच्या मोहिमेत रॉकेटे आकाशात सोडून वातावरण पुन्हा तापवले जाते.

यामागचे शास्त्र मोठे रमणीय आहे. समुद्राच्या वरच्या थरात उष्णतेचा साठा असतो. त्या पुंजीवर आपण जगतो. ती आटत गेली आणि हवा फार गार झाली, की वरच्या हवेतल्या बाष्पाचे बारीक स्फटिक बनतात. त्यांना हिऱ्यांची धूळ म्हणतात. ती सूर्याचे किरण परतवून लावते, आणि मग थंडीच थंडीला बोलावून आणते. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी १९८१ च्या आपल्या 'आइस' या पुस्तकात हिमयुगाची उपपत्ती याच धर्तीवर मांडली आहे.

आता कुणी म्हणेल, पृथ्वी तर तापते आहे. मग गोठण्याची ही गोष्ट शिळी नाही का झाली? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते उत्तर आम्हांला ग्रंथालयात मिळालेले नाही. ते कर्जत-खालापूरच्या डोंगरांनी दिले.

या भागाचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला त्याची ओढ सांगावी लागत नाही. आषाढ लागला की मुंबईच्या गाड्या भरभरून कर्जतकडे येतात. भिवपुरीचा धबधबा, माथेरानचे धुके, इर्शाळगडाची सुळक्यासारखी चढण! भिजण्यासाठी माणसे पैसे मोडून येतात. त्या गडाच्या वाटेवर, चौकच्या वरच्या अंगाला, ठाकरांची इर्शाळवाडी होती. गडावर जाणारी मंडळी वाडीतून पुढे जात. १९ जुलै २०२३ च्या रात्री, तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, डोंगराचा उतार या वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसांचा पत्ताच लागला नाही, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वर मोटारीचा रस्ता नव्हता. यंत्रे चढेनात, म्हणून माणसांनी हातांनी चिखल उपसला. त्या चढणीवर मदतीस निघालेल्या अग्निशमन दलातील एकाचेही प्राण गेले.

हे डोळ्यांपुढे ठेवून 'हिमप्रलय'चे पहिले पान पुन्हा वाचावे. प्रलय येतो तो मुलांच्या हर्षातून. बर्फ सुंदर असते, आणि त्या सौंदर्यामुळेच ते संकट आहे हे कळायला वेळ लागतो. लेखकाने हे किती अचूक टिपले आहे! आमच्या जुलैचे नेमके हेच आहे. शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढलेले दिसले. तापता अरबी समुद्र त्या पावसाला बाष्प पुरवतो. त्याच पावसाने आपला धबधबा भरतो, आणि आपण त्याखाली उभे राहून आनंदाने ओरडतो.

कथेची दुसरी खूण कलाटणीच्या क्षणाची. कथेत समुद्राची पुंजी हळूहळू आटते आणि एके सकाळी सारे पालटते. डोंगरातही असेच घडते. काळ्या कातळावर मातीचा थर असतो; तो पाणी पीत जातो, जड होत जातो, आणि अखेरच्या घटकेपर्यंत हिरवागार दिसतो. मग त्याची कातळावरची पकड सुटते. नारळीकरांनी कल्पना गारठ्याची केली. निसर्गाचा स्वभाव मात्र बरोबर ओळखला.

येथपर्यंत स्तुती. आता तक्रार. शेवटची रॉकेटे फार सोपी झाली आहेत, असे म्हणणे सोपे आहे. आमची तक्रार त्याहून निराळी आहे. या कथेचा खरा दिलासा रॉकेटांत नाहीच. तो वसंत चिटणीसात आहे. कुणाला तरी आधी ठाऊक होते, आम्ही ऐकले नाही एवढेच, या विचारात केवढा आधार असतो! पुढच्या वेळी ऐकले म्हणजे झाले. परंतु इर्शाळवाडी दरडींच्या धोक्याच्या यादीतच नव्हती. सरकारनेच दुसऱ्या दिवशी तसे सांगितले. ज्याचे ऐकायला हवे होते असा वसंत चिटणीस तेथे कुणी नव्हता. त्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे होती, आणि त्यांना कुणी काही विचारले नव्हते. 'हिमप्रलया'तही अशी माणसे कथेच्या काठावरच राहतात. पत्रकार आहे, शास्त्रज्ञ आहे, मंत्री आहेत; प्रलय मुंबईच्या खिडकीतून दिसतो. जी माणसे उतारावर आहेत त्यांना कथेत तोंड नाही.

म्हणून ही कथा टाकून द्यावी काय? मुळीच नव्हे. या दिवाळीत ती घरातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी. पहिल्या पानावर ती हसतील. त्यांना हसू द्यावे, लेखकालाही तेच हवे होते. आणि वाचून संपल्यावर त्यांना विचारावे: ही गोष्ट इर्शाळवाडीतल्या एखाद्या मुलाने सांगितली असती, तर ती कोठून सुरू झाली असती? मराठी विज्ञानकथेने ते पान अजून लिहावयाचे आहे. कर्जतच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर चौकच्या दिशेच्या त्या डोंगरांकडे पाहताना निदान त्या पानाची आठवण असावी.