सायकलवरची पाहुणी

प्रवासवर्णन हातीं आलें कीं लेखकानें काय काय पाहिलें यापेक्षां त्याला वाटेंत कोणीं जेवूं घातलें, हें आम्ही आधीं शोधतों. ही आमची खोड आहे. पण सायकलवरून एकट्यानें केलेल्या प्रवासांच्या बाबतींत ती फारशी चुकत नाहीं. मोटारवाला आपलें छप्पर बरोबर घेऊन फिरतो. सायकलस्वाराला दिवस मावळला कीं कोणाच्या तरी दारांत उभें राहावें लागतें. डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेचें १९६५ सालीं प्रसिद्ध झालेलें 'फुल टिल्ट' आम्हांस मोलाचें वाटतें तें या दारांमुळें.

दहाव्या वाढदिवसाला एक सायकल व एक नकाशांचें पुस्तक मिळालें आणि या मुलीनें हिंदुस्थानास सायकलवरून जाण्याचें ठरविलें. मध्यें वीस वर्षें गेलीं. त्यांतलीं बरींच आजारी आईच्या शुश्रूषेंत. आईच्या मृत्यूनंतर, १९६३ च्या जानेवारींत, युरोपांतील त्या भयंकर हिवाळ्यांत, बाई निघाल्या आणि जुलैंत दिल्लीस पोंचल्या. बरोबर एक पिस्तूल होतें, आणि डॉन क्विक्झोटच्या घोड्यावरून नांव दिलेली 'रॉझ' ही सायकल.

त्यांच्या आधीं थॉमस स्टीव्हन्सनें १८८४ ते १८८६ या काळांत उंच चाकाच्या सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. त्याच्या दोन खंडांत माणसांची गर्दी पुष्कळ. पण ती यंत्र पाहावयास जमलेली, आणि लेखकही तिच्याकडे आसनावरूनच पाहतो. मर्फीबाई खालीं उतरतात. मुक्कामाची हकीकत त्यांनीं रोजनिशींत लिहून मित्रांकडे टपालानें धाडली. तिला घाईचा ओबडधोबडपणा आहे. पण ज्यानें चहा दिला तो मनुष्य मनुष्यच राहतो, त्याचा 'पौर्वात्य आतिथ्या'चा नमुना होत नाहीं. अफगाणिस्तानांत बसमधील भांडणांत बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा बसून त्यांच्या बरगड्या मोडल्या. त्याचा राग त्यांनीं देशावर काढला नाहीं. उलट त्या देशावर त्यांचा जीव जडला.

आमचा आक्षेप तेथूनच सुरू होतो. आधुनिक सुधारणा या लोकांपर्यंत न पोंचतील तर बरें, असें त्यांना वाटतें. एका रात्रीच्या पाहुणीनें हें इच्छिणें सोपें आहे. घरच्यांना विचारलें कोणीं? त्यांची भाषा बाईंना येत नव्हती. परदेशी स्त्री म्हणून त्यांना पुरुषांच्या बैठकींतही जागा मिळे आणि आंत बायकांतही. पण जिनें भाकरी भाजली तिचें म्हणणें मात्र पुस्तकांत क्वचितच ऐकूं येतें. अशा ग्रंथांतील ही मोठीच उणीव आम्ही समजतों.

मर्फीबाई २०२२ सालीं वारल्या. तत्पूर्वीं, १९७९ पासून, त्या वाटेवरच्या गांवांवर एकामागून एक युद्धें येऊन गेलीं होतीं. त्या घरांचें रूप पालटलें तें केवळ मोटारीनें वा रेडिओनें नव्हे. आक्षेप आम्ही मागें घेत नाहीं. परंतु तीं प्रकरणें दुसऱ्यांदा वाचल्यावर तो लिहितांना हात अडखळला, हेंही येथें नमूद करतों.