न झालेला तेरावा

जेझ बटरवर्थचं ‘द फेरीमन’ (2017) वाचायला घेताना आयआरएचा सगळा इतिहास आधी घोकत बसू नका. केटलिनकडे बघा. 1981, उत्तर आयर्लंडमधलं आर्मा, कापणीचा दिवस. दहा वर्षांपूर्वी नाहीसा झालेला तिचा नवरा शेमस आता दलदलीत सापडलाय, मेलेला. इतकी वर्षं ती दिराच्या घरात राबतेय. ना सवाष्ण, ना विधवा.

एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (1985) तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चावरून देशपांडे घरात भांडणं होतात. पण तेरावा आहे! इथे मोहम्मद बिन झायद सिटीत बसून गावाकडचा तेरावा व्हिडिओ कॉलवर पाहिलेल्या माणसालाही तेवढा आधार मिळतो. कार्नींना तोही नाही. मल्डून घरात येतो तो याचसाठी: आयआरएचा यात हात नाही, असं म्हणा. माझ्या मते नाटकाचं खरं राजकारण त्या मागणीत आहे, बंदुकीत नाही. म्हणूनच शेवटचा रक्तपात मला घाईचा वाटला. रंगमंचावर जिवंत ससा, तान्हं बाळ, सगळं आणलं; केटलिनला रडायला मात्र जागा ठेवली नाही.