हय्यच्या बेटावरचे दिवस आणि रात्री

इब्न तुफैल या अंदलुसी हकीमाने बाराव्या शतकात अरबीत लिहिलेली ‘हय्य इब्न यक्जान’ ही कथा आपल्याकडे बहुधा दोन कारणांसाठी सांगितली जाते. एक म्हणजे तिच्यात अक्ल आणि वह्य यांचा मेळ घातला आहे. दुसरे म्हणजे तिचे लॅटिन भाषांतर १६७१ साली छापले गेले आणि पुढे १७१९ साली ‘रॉबिन्सन क्रूसो’ आली, त्यामुळे श्रेय कुणाचे हा वाद रंगतो. या चर्चेत ज्या बेटावर सगळे घडते ते बेट मात्र बाजूलाच राहते. माझ्या मते या कथेचे बळ त्या बेटावरच्या दिनक्रमात आहे आणि तिची उणीवही तिथेच आहे.

हिंदच्या बेटांपैकी, विषुववृत्ताजवळचे हे एक निर्जन बेट. हरिणीच्या दुधावर वाढलेला हय्य पानांनी अंग झाकतो, पाखरांची घरटी पाहून कोठार बांधतो, शिंगांचे भाले करतो. वेळूच्या बनात लागलेली आग तो गुहेत आणून जपतो. ही आग त्याला रात्री अधिक प्रिय वाटते, कारण तेव्हा ती सूर्याची जागा घेते. पुढे तो आकाशातील ताऱ्यांचे फिरणे न्याहाळतो आणि त्यावरून निर्मात्याचा विचार करू लागतो. रात्र विसाव्यासाठी आणि दिवस रोजीसाठी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हय्यची रात्र मात्र शिकण्याची आहे. त्याच्या बापाचे नाव यक्जान, म्हणजे जागा असलेला, हे उगाच नाही.

या चिंतनातून त्याच्या दिवसाला नवे काम मिळते. एखादे रोप दुसऱ्याच्या सावलीत खुरटत असेल तर तो अडथळा दूर करतो. जनावराला काटा रुतला असेल तर काढतो, दगडाने अडलेले पाणी मोकळे करतो. फळ खाल्ले तर बी जपून ठेवतो. क्रूसोचा दिवस कुंपण, बंदूक आणि हिशेब यांत जातो आणि त्याची रात्र भीतीत. तो बेटाचा मालक होतो. हय्य बेटाचा राखणदार होतो. एकांतातही जबाबदारी असते, हे इब्न तुफैलने फार आधी दाखवले.

दुसरा माणूस भेटतो तेव्हाही हा फरक दिसतो. क्रूसो फ्रायडेला नाव देतो आणि स्वतःला ‘मालक’ म्हणायला शिकवतो. इथे अबसाल नावाचा भाविक एकांताच्या ओढीने आपली मालमत्ता गोरगरिबांत वाटून, बेट निर्जन समजून येतो. तिथे त्याला हय्य दिसतो. अबसाल त्याला भाषा शिकवतो आणि अखेरीस त्याचाच शागिर्द होतो. शांततेच्या शोधात निघालेल्या माणसाला कळते की ज्याला आपण रिकामे समजलो ते कुणाचे तरी घर आहे.

इथपर्यंत कथा निर्दोष वाटते. अडचण पुढे येते. दोघे अबसालच्या वस्तीच्या बेटावर जातात. लोकांना हय्यचे बोलणे मानवत नाही. तेव्हा, तुम्ही तुमच्या रीतीनेच चाला, असे सांगून तो परत फिरतो. धंद्यापाण्यात गुंतलेल्या माणसांना यापलीकडचे पेलणार नाही, असा हा निवाडा आहे. पण ज्यांच्यावर तो दिला, त्यांची एकही रात्र लेखक आपल्याला दाखवत नाही. ती माणसे दिवे कशाचे लावतात, कामावरून कधी परततात, पोरांना काय सांगतात, काहीच नाही. निर्जन बेटावरच्या काट्याचीही दखल घेणारी लेखणी वस्तीत शिरताच घाई करते.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. गेटवेहून लाँचने तासाभरावर घारापुरी आहे. आमच्या नाशिकच्या शाळांना हे बेट ठाऊक आहे ते सहलीचे ठिकाण म्हणून. लेणी पाहायची, माकडांपासून डबा वाचवायचा आणि संध्याकाळच्या लाँचने परतायचे. पर्यटकाला तिथे मुक्काम करता येत नाही, म्हणून आपल्या लेखी त्या बेटाला रात्रच नाही. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिथल्या वस्त्यांना मात्र ती होती. समोर मुंबई झगमगत असताना इथे जनरेटर संध्याकाळी काही तास चाले, मग काळोख. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ साली. ज्याला आपण निवांतपणा म्हणून नावाजतो, तो तिथल्या मुलाच्या अभ्यासाला नडणारा अंधार होता. अशा अंधारातल्या माणसाला विचार पेलणार नाही, असे म्हणण्याआधी त्याला दिवा मिळाला होता का, हे पाहावे लागते.

मराठीतला ‘जंजिरा’ हा शब्द अरबीतल्या ‘जज़ीरा’वरून, म्हणजे बेटावरूनच आला. शब्द आपल्या दोन्ही भाषांत नांदतो आहे, पण बेटावरचा माणूस आपल्या साहित्यात फारसा आलेला नाही. आला तर तट आणि तोफा येतात, नाहीतर सहलीचे वर्णन येते. कोकणच्या खाड्यांत आणि बंदरांत आपली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या घरांतून लिहिणाऱ्यांनी हय्यची जागी नजर जरूर घ्यावी, पण त्याचे परत फिरणे घेऊ नये. त्याने अर्धवट सोडलेले वस्तीचे बेट लिहिण्याचे काम अजून बाकी आहे. त्याची सुरुवात रात्रीपासून व्हावी.