आगगाडीच्या छायाचित्राची परीक्षा

आगगाडीचें छायाचित्र बहुधा धुराच्या लोटावरून व इंजिनाच्या डौलावरून वाखाणलें जातें. आमच्या मतें ही कसोटी अपुरी आहे. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांवरील गाडी २०२० सालीं थांबली. तिचें रूप आतां चित्रांतच पाहावयाचें. पण केवळ इंजिनानें व्यापलेलें चित्र कोणत्याहि मुलखाचें असूं शकतें. ज्यांत स्थानकाच्या पाटीवरील लिपि, दारांतील उतारू व पलीकडील कपाशी दिसते, तेंच खानदेशचें.

कालनिर्णयहि सावधपणें करावा. भुसावळच्या चित्रांत इंजिनावर 'जी. आय. पी.' अक्षरें असलीं, तर तीं १९५१ मध्यें मध्य रेल्वे होण्यापूर्वीं रंगविलेलीं, एवढेंच ठरतें. जुना रंग पुढेंहि टिकतो. प्रकाशाचेंहि मोल पुराव्याइतकेंच. चाकांवर व दांड्यांवर तिरपें ऊन नसेल, तर यंत्र नुसता काळा ठोकळा होतें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, चौकटीसाठीं चित्राच्या कडा छाटूं नयेत व पाठीवरील मजकूर डिंकानें झांकूं नये. पुष्पिका फाडलेल्या पोथीची किंमत आपण जाणतोंच.